हरणाच्या रायफलीत कोणती गोळी भरावी?



आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील, म्हणून आधी कायद्याचं बोलतो. भारतात हरणाची शिकार हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हाही गुन्हाच, त्यासाठी शस्त्र कायदा, १९५९ आहे. मी बोलणार आहे ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या शिकारीबद्दल. मी तिथे राहतो आणि रीतसर परवाना काढून शिकार करतो. माझी काडतुसं मी घरी भरतो, आणि तिथे त्याला मनाई नाही.

तिथे ही शिकार का चालते, हे थोडक्यात. पांढऱ्या शेपटीचं हरीण अमेरिकेत १९०० च्या आसपास काही लाखांवर आलं होतं. संरक्षण मिळालं, शिकारीवर नियम आले, आणि आज त्यांची संख्या तीन कोटींच्या आसपास मानली जाते. मधल्या काळात लांडगा आणि प्यूमा बहुतेक भागांतून नाहीसे झाले. शेतांचं नुकसान, रस्त्यावरचे अपघात आणि जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकणं यामुळे संख्या आटोक्यात ठेवावी लागते. ते काम बऱ्याच अंशी परवानाधारक शिकारी करतात. विस्कॉन्सिनमध्ये रायफलीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरमध्ये नऊ दिवसांचा असतो. १ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना परवान्याआधी शिकारीचं शिक्षण घ्यावं लागतं. तसं ते नसेल, तर जाणत्या शिकाऱ्याच्या हाताखालीच जाता येतं.

ही पार्श्वभूमी झाली. आता खरा प्रश्न. माझी मुलगी सोळा वर्षांची. उंची पाच फूट एक इंच, वजन बेताचं. तिला शिकारीला यायचं होतं. तिने मला विचारलं, "बाबा, गोळी लागली आणि हरीण मेलंच नाही तर?" शिकारीतला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. जखमी होऊन पळालेलं आणि न सापडलेलं हरीण म्हणजे नुसतं अपयश नव्हे. तो जीव दोन-दोन दिवस कुठेतरी झुडपात तडफडतो. तिच्यासाठी रायफल, गोळी आणि दारूचं माप ठरवताना हा प्रश्न माझ्यासमोर सतत होता. तो कसा सोडवला, ते आज सांगतो.

आधी शब्द नक्की करू. मराठीत आपण सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो. काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी म्हणजे प्राइमर, आत भरलेली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. गोळी म्हणजे नळीतून बाहेर पडून हरणापर्यंत जाते तेवढीच. तिचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड. म्हणजे १४० ग्रेनची गोळी साधारण नऊ ग्रॅम भरते.

पहिला मुद्दा धक्क्याचा. नवशिक्या माणसाला वाटतं, मोठी रायफल म्हणजे खात्रीची रायफल. प्रत्यक्षात उलट घडतं. बार उडाल्यावर बंदूक खांद्यावर आदळते आणि कानाशी स्फोट होतो. दोन-चार वेळा हे झालं की शरीर शिकतं. पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच माणूस अंग चोरतो. डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, मनगट घट्ट होतं. नळीचं तोंड तेवढ्यात किंचित हलतं, आणि शंभर यार्डांवर ते किंचित म्हणजे सहा-सात इंच होतात. हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसं असलेली जागा आठ-नऊ इंच व्यासाची. आता हिशेब तुम्हीच करा.

धक्का मोजायची रीत आहे. गोळीचं वजन, तिचा वेग, दारूचं वजन आणि रायफलीचं वजन, एवढ्यावर तो ठरतो. काही ढोबळ आकडे सांगतो. .३०-०६ मधून १८० ग्रेनची गोळी झाडली, रायफल आठ पौंडांची असली, तर धक्का वीस फूट-पौंडांच्या आसपास. .३०० विंचेस्टर मॅग्नम पंचवीसच्या पुढे. ७ एमएम-०८ रेमिंग्टन, १४० ग्रेन, तेवढीच रायफल: बारा ते चौदा. .२४३ विंचेस्टर, १०० ग्रेन: नऊच्या आसपास. पंधरा फूट-पौंडांच्या वर गेलं की बहुतेकांना सराव नकोसा होतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. मग रायफल कपाटात राहते आणि हंगामाच्या आदल्या दिवशी तीन बार काढून माणूस जंगलात जातो.

मी .२४३ आणि ७ एमएम-०८ या दोन्हींचा विचार केला. दोन्ही .३०८ विंचेस्टरच्या पुंगळीचं तोंड आवळून तयार झालेली काडतुसं. .२४३ आलं १९५५ मध्ये, ७ एमएम-०८ रेमिंग्टनने बाजारात आणलं १९८० मध्ये. .२४३ हरणाला पुरतं, यात वाद नाही. कोलोरॅडोसारख्या राज्यात हरणासाठी .२४ कॅलिबर हीच कायदेशीर किमान मर्यादा आहे. पण .२४३ मध्ये तुम्ही त्या मर्यादेच्या काठावर उभे असता. गोळी हलकी, त्यामुळे चुकीच्या कोनातून हाड आडवं आलं तर हातात शिल्लक फार राहत नाही. ७ एमएम-०८ मध्ये मला दोन्ही टोकं मिळत होती. हलकं भरलं तर .२४३ पेक्षाही कमी धक्का, पूर्ण भरलं तर एल्कपर्यंत चालेल असं काडतूस. मुलगी वाढेल तशी रायफल बदलावी लागणार नाही.

इथे आपल्याकडचा एक धागा जोडतो. ७ एमएम-०८ ची कामगिरी जवळजवळ जुन्या ७×५७ माउझरइतकीच आहे. त्या ७×५७ ला इंग्लंडमध्ये .२७५ रिग्बी म्हणत. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी जिम कॉर्बेटला भेट दिली ती रिग्बीची .२७५ रायफलच. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या कॉर्बेटने मारला तो याच काडतुसाने. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने त्याच काडतुसाने शेकडो हत्ती मारले. हत्तीवर आज कोणी ते वापरावं असं मी मुळीच म्हणत नाही, बहुतेक ठिकाणी कायदाही परवानगी देणार नाही. सांगायचं एवढंच की बेलला हत्तीच्या कवटीची रचना पाठ होती, आणि त्याने वापरलेली गोळी न फुटणारी, सरळ आत शिरणारी होती. नेम आणि गोळीची निवड यांनी काम केलं. धक्क्याच्या जोरावर काही झालं नाही.

आता दुसरा मुद्दा, गोळीची बनावट. माझ्या मते चर्चा इथे व्हायला हवी आणि लोक भलतीकडेच करतात.

हरणासाठीच्या गोळीकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. ती आत शिरल्यावर फुलली पाहिजे, छत्रीसारखी, म्हणजे जखम रुंद होते आणि जनावर लवकर पडतं. आणि ती फुटून तुकडे न होता पलीकडून बाहेरही पडली पाहिजे, म्हणजे जमिनीवर रक्ताचा माग राहतो. दोन्ही फुप्फुसांतून गोळी गेलेलं हरीणही पन्नास-शंभर यार्ड पळतं. संध्याकाळ असेल, खाली पानं पडलेली असतील, तर तो मागच तुम्हाला त्याच्यापर्यंत नेतो.

गोळी किती फुलेल हे तिच्या बनावटीवर आणि ती किती वेगाने पोहोचते यावर ठरतं. साधी गोळी म्हणजे तांब्याच्या आवरणात शिसं. ती मऊ असते, कमी वेगातही फुलते, पण फार वेगात हाडावर आदळली तर चुरा होऊ शकते. जॉन नोस्लर नावाच्या माणसाला १९४६ मध्ये कॅनडात एका मूसवर हाच अनुभव आला. गोळ्या वरवर फुटल्या, आत शिरेनात. त्याने आवरणाला मध्ये आडवी भिंत दिली. पुढचा भाग फुलेल, मागचा भाग शाबूत राहून आत जाईल. ती पार्टिशन गोळी आजही बनते. पुढे शिसं आवरणाला चिकटवलेल्या बाँडेड गोळ्या आल्या. १९८९ च्या सुमारास बार्न्स कंपनीने पूर्ण तांब्याची, शिसं नसलेली गोळी बाजारात आणली. ती फुलून पाकळ्या उघडते, वजन जवळजवळ सगळं टिकवते. मात्र तिला उघडायला पुरेसा वेग लागतो.

म्हणून माझा नियम साधा आहे. गोळी निवडताना नळीतून निघतानाचा वेग बघू नका. सगळ्यात लांबच्या बाराला ती हरणापर्यंत पोहोचेल तेव्हाचा वेग बघा. उत्पादक आपल्या गोळीचा किमान वेग सांगतात. बऱ्याच शिकारी गोळ्यांसाठी तो सेकंदाला १८०० फुटांच्या आसपास असतो. तुमची गोळी त्याखाली जाऊन पोहोचणार असेल तर ती फुलणार नाही. टाचणीसारखी आरपार जाईल, आणि हरीण पळेल.

आमच्या जंगलात बार बहुतेक शंभर यार्डांच्या आत होतात. मी मुलीसाठी मर्यादा ठरवली १५० यार्ड. १२० ग्रेनची गोळी, निघतानाचा वेग २४०० फुटांच्या आसपास. दोनशे यार्डांवरही ती सुमारे २००० फुटांनी पोहोचते आणि तिच्यात हजार फूट-पौंडांहून थोडी जास्त ऊर्जा उरते. म्हणजे ठरवलेल्या मर्यादेपलीकडे पन्नास यार्डांची शिल्लक. आणि धक्का? पूर्ण भरलेल्या १४० ग्रेनच्या तुलनेत जवळजवळ निम्मा. तिने पहिल्या दिवशी वीस बार काढले आणि विचारलं, अजून आहेत का? मला तेव्हाच कळलं की अर्धं काम झालं.

या वेगाला मऊ गोळी हवी. जाड आवरणाची, मोठ्या जनावरासाठी बनवलेली गोळी इथे वाया जाईल. उलट, पुढे तिने पूर्ण भरलेलं १४० ग्रेनचं काडतूस वापरलं, २८०० फुटांनी निघणारं, आणि हरीण चाळीस यार्डांवर उभं राहिलं, तर मऊ गोळी खांद्याच्या हाडावर फुटून मांसाची नासाडी करेल. तिथे बाँडेड किंवा पार्टिशन बरी. रायफल तीच राहिली तरी गोळी बदलते, ती याच कारणाने.

तिसरा मुद्दा, घरी भरण्याचा. लोक विचारतात, दुकानात काडतूस मिळत असताना हा उद्योग कशाला? पैसे वाचतात म्हणून कोणी सुरू केलं असेल तर तो लवकरच जास्त पैसे घालवतो, कारण वाचलेल्यातून जास्त बार काढतो. खरं कारण हे की मला हव्या त्या वेगाला, मला हवी ती गोळी दुकानात मिळेलच असं नाही. भरणं म्हणजे धक्क्यावर ताबा मिळवणं.

कामाचा क्रम असा. वापरलेली पुंगळी साफ करायची, भेगा तपासायच्या, साच्यातून दाबून मूळ आकाराला आणायची. लांबी मोजायची, वाढली असेल तर कापायची. जुनी टोपी काढून नवी बसवायची. दारू तराजूवर मोजून भरायची. शेवटी गोळी ठरलेल्या खोलीपर्यंत बसवायची. प्रत्येक टप्प्यावर मोजमाप आहे, आणि कंटाळा आला की थांबायचं, हा माझ्या टेबलावरचा पहिला नियम. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत, टेबलावर दारूचा एकच डबा. दोन डबे उघडे असले की कधीतरी चुकीचा उचलला जातो.

दारू किती ग्रेन भरायची, हा आकडा मी तुम्हाला सांगणार नाही. कोणाच्याही भाषणातून तो घेऊ नये. दारूचे आणि गोळीचे उत्पादक पुस्तकं छापतात, त्यातूनच घ्यावा. त्यांनी दिलेल्या सुरुवातीच्या मापाने सुरू करायचं आणि थोडंथोडं वर जायचं. प्रत्येक वेळी पुंगळी बघायची. टोपी चपटी झाली आहे का, बोल्ट उचलायला जड जातो का. ही जास्त दाबाची लक्षणं. ती दिसली की मागे यायचं.

धक्का कमी करायचा म्हणून कोणतीही दारू मनाला येईल तशी कमी भरायची, हेही चालत नाही. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण काही सावकाश जळणाऱ्या दारूच्या बाबतीत फार कमी माप भरलं तर दाब अनपेक्षित उसळतो आणि रायफल फुटू शकते. हलक्या भरणीसाठी हॉजडन कंपनीची एच ४८९५ प्रसिद्ध आहे. तिच्यासाठी कंपनीनेच नियम दिला आहे: पुस्तकातल्या कमाल मापाच्या साठ टक्क्यांपर्यंत खाली येता येतं. हा नियम त्या एकाच दारूसाठी आहे. शेजारचा डबा दिसायला सारखा असला तरी त्याला तो लावायचा नाही.

अचूकता किती हवी, हाही प्रश्न येतो. शंभर यार्डांवर तीन बार दीड इंचात पडले की मी थांबतो. आठ इंचांच्या जागेसाठी दीडशे यार्डांवर सव्वादोन इंच पुष्कळ झाले. अर्ध्या इंचाच्या मागे लागलेले लोक मी बघतो. ते उन्हाळाभर टेबलावर वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून बार काढतात. जंगलात पिशवी नसते, थंडीने बोटं आखडलेली असतात आणि छाती धडधडत असते. वेळ द्यायचा तर बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून नेम धरायच्या सरावाला द्या.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. हलकं आणि पूर्ण भरलेलं काडतूस एकाच ठिकाणी लागत नाही. दुर्बीण एकावर लावली असेल तर दुसरं काही इंच खाली किंवा बाजूला पडेल. म्हणून सराव आणि शिकार एकाच भरणीने. भरणी बदलली की दुर्बीण पुन्हा जुळवायची, आणि डब्यावर तारीख, गोळी, दारू, माप सगळं लिहून ठेवायचं.

धक्का कमी करायचे बाकीचे उपाय स्वस्त आहेत. दस्ता तिच्या हाताच्या लांबीला कापून घेतला, मागे रबरी गादी लावली. कानावर दुहेरी संरक्षण, कारण माणूस जितका धक्क्याला घाबरतो तितकाच आवाजाला. आणि सरावात मी तिच्या नकळत एखादं रिकामं, खोटं काडतूस भरून देतो. चाप ओढल्यावर बार उडत नाही. नळीचं तोंड स्थिर राहिलं तर ठीक. ते खाली गेलं तर अंग चोरलं गेलं आहे. मग त्या दिवशी आणखी बार नाहीत. .२२ ची छोटी रायफल घेऊन परत पहिल्यापासून.

शेवटचा मुद्दा ताटातला. आमच्या घरी ते मांस खाल्लं जातं. शिशाची गोळी फुटते तेव्हा बारीक कण जखमेपासून बरेच दूर जातात, एक्स-रेमध्ये ते दिसतात, डोळ्यांना दिसत नाहीत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीला शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत, मुख्यतः तिथल्या काँडोर गिधाडांसाठी. गिधाडं शिकाऱ्यांनी सोडलेली आतडी खातात आणि शिसं त्यांच्या रक्तात जातं. डायक्लोफेनॅकने गिधाडं मेलेली पाहिलेल्या देशातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. विस्कॉन्सिनमध्ये सक्ती नाही. तरी आम्ही तांब्याची १२० ग्रेनची गोळी वापरायचं ठरवलं. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी जास्त लांब होते, आणि तिचं वजन जरा कमीच धरावं लागतं. मी मघाशी म्हटलं की या वेगाला मऊ गोळी हवी. तांब्याची ती तितकी मऊ नाही. म्हणून कमी वेगात उघडण्यासाठी मोठं पोकळ टोक असलेली निवडली, उत्पादकाने दिलेला किमान वेग बघितला आणि मर्यादा १५० यार्डांवरून १२५ वर आणली. गोळी बदलली की अंतर बदलतं. हा हिशेब चुकवायचा नाही.

तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी तिला असं दिलं: गोळी लागूनही हरीण मरणार नाही अशी शक्यता उरतेच, ती शून्य करता येत नाही. पण ती कमी करायचे तीन मार्ग तुझ्या हातात आहेत. डोळे उघडे ठेवून चाप ओढता येईल एवढाच धक्का. त्या वेगाला फुलणारी गोळी. आणि खात्री नसेल तेव्हा बार न काढण्याची तयारी. तिसरा मार्ग कुठल्याही पुस्तकात मापासहित छापलेला नाही. तिच्या पहिल्या हंगामात तिने तो दोनदा वापरला. दोन्ही वेळा हरीण आडवं उभं राहिलं नाही, तिने रायफल खाली घेतली. आम्ही रिकाम्या हाताने घरी आलो, आणि मी तिला पुढच्या वर्षासाठी तिची स्वतःची तराजू घेऊन दिली.

प्रश्न असतील तर जरूर विचारा, दारूच्या मापाचा सोडून.